जमिनीची प्रत आणि कागदावरची रेघ

१

लोणावळ्याहून पुण्यावरून सोलापूरच्या सडकेनें इंदापुरास जाणाऱ्या मनुष्यास, “मुलूख बदलला तो नेमका कोठें?” असें कोणीं विचारलें तर त्याला उत्तर देतां येणार नाहीं. मुलूख बदलला, एवढें मात्र तो शपथेवर सांगेल. निघतांना त्याच्या दोहों बाजूंस भाताचीं खाचरें आणि हिरवे डोंगर होते. यवत-पाटस येईपर्यंत बाजरीचीं रानें लागलीं. भिगवण मागें पडलें तों शाळूचीं काळीं शेतें आणि त्यांच्यामधून डोकें वर काढणारे उघडे मुरमाड माळ दिसूं लागले. या सगळ्या वाटेंत निसर्गानें कोठेंहि वेस घातलेली नव्हती.

आपल्या पूर्वजांनीं मुलखाला नांवें दिलीं तींहि या अनुभवाला धरूनच दिलीं. मावळ म्हणजे सूर्य मावळतो त्या अंगाचा प्रदेश, खोरें म्हणजे नदीच्या दोहों बाजूंचा सखल भाग, थडी म्हणजे नदीचा कांठ. बारामती पूर्वीं ज्या तालुक्यांत मोडत असे त्याचें नांवच भीमथडी. या नांवांना मध्य आहे, कड नाहीं. अमुक शेत थडींत येतें कीं माळावर जातें, हा वाद गांवकऱ्यांना करावासा वाटला तर त्यांनीं तो खुशाल करावा, इतकी मोकळीक या शब्दांत ठेवलेली आहे.

परंतु राज्यकारभाराला कड लागते. सारा कोणीं किती भरावा, सूट कोणाला द्यावी, कालव्याचें पाणी कोठवर पोंचवावें, हें ठरवावयाचें म्हणजे कोठें तरी रेघ ओढणें प्राप्त होतें. निसर्गाच्या उतारावर कागदाच्या पायऱ्या खोदण्याचा हा उद्योग मुंबई इलाख्यांत ज्या भूमीवर प्रथम यशस्वी झाला ती इंदापूर तालुक्याची भूमि होय. पुढें सर्व इलाख्यांत जी जमाबंदीची पद्धत चालली तिचा पाया १८३६ सालीं येथें घातला गेला. त्या प्रयोगाची, त्याआधींच्या अपयशाची व त्यानंतरच्या अनर्थाची हकीकत ही केवळ महसुलाच्या दप्तरांतील गोष्ट नव्हे. जेथें मुळांत सीमा नाहीं तेथें सीमा आंखावी लागली तर ती कशी आंखावी, हा प्रश्न तिच्या पोटांत आहे.

२

प्रथम उताराचें स्वरूप पाहिलें पाहिजे. लोणावळ्यास वर्षाकाठीं दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यास तो अठ्ठावीस इंचांच्या आसपास येतो आणि बारामती-इंदापुरास वीस-बावीस इंचांवर समाधान मानावें लागतें. लोणावळ्यापासून पुणें सुमारें चाळीस मैल व पुण्यापासून इंदापूर ऐंशी मैलांहून अधिक. म्हणजे पहिल्या चाळीस मैलांत सव्वाशेच्या आसपास इंच पाऊस कमी होतो आणि पुढच्या दुपटीहून अधिक अंतरांत सहा-सात इंचच कमी होतो. आंकड्यांकडे पाहणाऱ्यास वाटेल कीं, खरा बदल घाटाखालींच संपला. पण शेतकऱ्याचा हिशेब निराळा आहे. दीडशेचे सव्वाशे इंच झाले तरी भाताचें पीक येतेंच. अठ्ठाविसाचे एकवीस झाले म्हणजे मात्र बाजरी पिकेल कीं करपेल हा प्रश्न उभा राहतो. जेथें मोजमापाचा फरक लहान, तेथेंच जीविताचा फरक मोठा होतो.

यांत आणखी एक गोष्ट आहे. इंदापूर म्हणजे या उताराचा शेवट नव्हे. आणखी पूर्वेस सोलापूरच्या बाजूला गेलें म्हणजे पाऊस पुन्हां थोडा वाढतो. सह्याद्रीनें अडविलेल्या ढगांच्या छायेंत जो खोलगट पट्टा सांपडला आहे त्याच्या तळाशीं हे दोन तालुके आहेत. येथला पाऊस प्रमाणानें थोडा, तसाच काळानेंहि पुढें सरकलेला. मावळांत आषाढ-श्रावणाची झड महत्त्वाची, तर येथें भाद्रपद-आश्विनांतील परतीच्या पावसावर मदार. म्हणूनच खरिपाचा मुलूख नकळत रब्बीचा होत जातो, आणि पावसाळ्यांत मोकळें राहिलेलें रान दिवाळीच्या सुमारास शाळूनें हिरवें होतें.

पावसाप्रमाणेंच मातीचें. इंदापूर तालुका हा भीमा व नीरा या दोन नद्यांमधला दुआब. नीरा-नरसिंगपुरास त्यांचा संगम होतो. कऱ्हेचें पाणी तत्पूर्वींच बारामती तालुक्यांत सोनगांवाजवळ नीरेला मिळालेलें असतें. या नद्यांमधील उंचवट्यावर उभें राहून खालीं नदीकडे चालत गेल्यास पायांखालीं आधीं काळा पाषाण व त्यावर वीतभर मुरूम, मग खडे मिसळलेली बरड, मग तांबूस हलकी जमीन, मग मध्यम काळी, आणि शेवटीं नदीकांठची खोल काळी व मळईची जमीन लागते. कारण उघड आहे. खडक झिजून माती होते. पावसाचें पाणी त्यांतील बारीक कण खालीं नेतें व जाड कण वर ठेवतें. शेंकडों पिढ्यांच्या पावसानें चाळण लावलेला हा उतार आहे. पूर्व आफ्रिकेंत जमिनींचा अभ्यास करणाऱ्या मिल्न या शास्त्रज्ञानें १९३५ सालीं अशा मृत्तिकाक्रमाला ‘कॅटेना’ म्हणजे साखळी असें नांव दिलें व तें जगभर रूढ झालें. नांव चांगलें आहे, परंतु साखळींतील कड्या मोजतां येतात. इंदापूरच्या उतारावर नांगराच्या कोणत्याहि दोन शेजारच्या तासांत भेद दिसत नाहीं. आणि तरीहि पहिल्या तासांत कुसळें उगवतात व शेवटच्या तासांत शाळू माणसाच्या डोक्यावर जातो.

ग्रीसमधील युबुलिडीझ नांवाच्या तार्किकानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत घातलेलें एक कोडें प्रसिद्ध आहे. धान्याच्या राशींतून एक दाणा काढला तर रास रासच राहते. आणखी एक काढला तरीहि राहते. मग शेवटीं एकच दाणा उरला म्हणजे त्यालाहि रास म्हणावयाचें काय? पंडितांना हा वाणीचा विनोद वाटत असेल. इंदापूरच्या कुळाला मात्र हा प्रश्न खळ्यावर विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरावर त्याचा सारा अवलंबून राहिला.

३

इंग्रजी अंमलापूर्वीं जमिनीच्या प्रती नव्हत्या असें नाहीं. अव्वल, दूम, सीम अशी ढोबळ विभागणी जुन्या दप्तरांतून आढळते. पुणें, सुपें व इंदापूर हे परगणे शहाजी राजांच्या जहागिरींतले. तेथील लागवडीची घडी दादोजी कोंडदेवांनीं बसविली, असें परंपरा सांगते. या जुन्या पद्धतींत पायऱ्या थोड्या व उंच होत्या हें खरें. पण दोन पायऱ्यांमधील जागा दरसालच्या बोलाचालीनें भरून काढली जात असे. पीक बुडालें तर पाटील रदबदली करी, नवी जमीन लागवडीस आणली तर पहिलीं वर्षें हलका आकार घेऊन तो क्रमाक्रमानें वाढवीत. ही घडी चांगल्या कारभाऱ्यावर अवलंबून होती, आणि हाच तिचा कमकुवतपणा होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मामलती मक्त्यानें विकल्या जाऊं लागल्या, तेव्हां बोलाचाल संपली आणि ओरबाडणें उरलें.

१८१८ नंतर आलेल्या सरकारास ही मनधरणी नको होती. नियम हवा होता. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा मुलकी खात्यांतील तरुण अधिकारी. हेलीबरीच्या कॉलेजांत माल्थसजवळ अर्थशास्त्र शिकून आलेला. त्यानें १८२८ च्या सुमारास पुणें जिल्ह्याच्या पाहणीचें काम आरंभिलें. त्याचें तत्त्व दिसावयास अगदीं निर्दोष होतें. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें एकूण उत्पन्न काढावें, त्यांतून बियाणें, बैल, मजुरी इत्यादि खर्च वजा करावा आणि जी निव्वळ बाकी राहील तिचा शेंकडा ५५ भाग सरकारनें घ्यावा. १८३० पासून हे दर लागू झाले आणि इंदापुरांत त्यांचा लवकरच बोजवारा उडाला. लागोपाठ वाईट वर्षें आलीं, धान्याचे भाव उतरले, पाहणीच्या कारकुनांनीं हात ओले करून घेतले. कुळें गांव सोडून निजामाच्या मुलखांत गेलीं व बरीच जमीन पडीत राहिली.

प्रिंगलच्या हेतूंत खोट नव्हती. त्याच्या अपयशाचें मूळ निराळें आहे. जी गोष्ट कोणालाच नीट ठाऊक नव्हती, म्हणजे एका बिघ्यांतील निव्वळ बाकी, तिचा त्यानें अपूर्णांकापर्यंत हिशेब केला. इंदापूरच्या मातींत एका वर्षीं पांच मण पिकतें तर दुसऱ्या वर्षीं बीजहि परत येत नाहीं. अशा ठिकाणीं सरासरी उत्पन्न हा आंकडा कागदावर जितका रेखीव दिसतो तितकाच रानांत धूसर असतो. प्रिंगलनें उतारावर फार बारीक पायऱ्या खोदल्या, परंतु त्या दगडांत नव्हत्या, धुक्यांत होत्या.

४

१८३५ सालीं ही विस्कटलेली घडी पुन्हां बसविण्याचें काम असिस्टंट कलेक्टर गोल्डस्मिड व इंजिनियर पलटणींतील लेफ्टनंट विंगेट यांच्याकडे आलें. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. एका शेतांत किती पिकतें हें आपणांस कळणार नाहीं. पण हें शेत त्या शेताहून किती बरें वा वाईट हें पाहतां येईल, अशी त्यांची भूमिका होती. तालुक्यांत पूर्वीं वसूल किती झाला, भाव काय होते, लोकांची स्थिति कशी होती, हें सर्व पाहून एकंदर बोजा ठरवावयाचा. आणि तो सापेक्ष प्रतीप्रमाणें शेतांवर वांटावयाचा. इंदापूरचे नवे दर १८३६ पासून तीस वर्षांच्या हमीनें लागू झाले. पडीत रानें पुन्हां नांगराखालीं आलीं. या अनुभवावरून पुढें १८४७ पर्यंत जे नियम पक्के झाले ते संयुक्त अहवालाचे नियम म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें तेच अतिशय मननीय आहेत.

या नियमांत मातीचे तीन वर्ग केले होते. पहिला, काळ्यापासून गर्द तपकिरीपर्यंत रंगाची बारीक व एकजीव माती. दुसरा, थोडी जाड व बहुधा तांबूस. तिसरा, खडेमिश्रित, भुसभुशीत, फिक्या तपकिरी वा करड्या रंगाची. यांपैकीं प्रत्येकीची खोली हातांनीं मोजावयाची. पहिल्या प्रतीस सोळा आणे किंमत, आणि तेथून खालीं चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन व शेवटीं नवव्या प्रतीस दोन आणे. पावणेदोन हात खोल काळी जमीन सोळा आण्यांची. त्याहून अधिक खोलीचा पिकास उपयोग नाहीं असें धरून पुढची खोली मोजीत नसत.

या कोष्टकांतील खुबी अशी कीं, तीन वर्ग एकमेकांपासून तोडलेले नाहींत. ते एकमेकांत मिसळलेले आहेत. सहाव्या प्रतीचें उदाहरण घ्या. अर्धा हात खोल काळी, पाऊण हात तांबडी आणि एक हात खोल बरड, या तिन्ही जमिनी एकाच सहा आण्यांच्या पायरीवर येऊन बसतात. “काळी ती चांगली व बरड ती वाईट” असें हें कोष्टक म्हणत नाहीं. उथळ काळीपेक्षां खोल बरड बरी असूं शकते, हा कुणब्याला ठाऊक असलेला अनुभव त्यानें आंकड्यांत बसविला. शिवाय सात दोष सांगितले होते: चुनखडीचे बारीक खडे, वाळूची भेसळ, उतरती पातळी, मातीचा विसविशीतपणा, पाणी न मुरणें, ओढ्याच्या पाण्याचा लोंढा वरून जाण्याचें भय, आणि झऱ्यांमुळें अति ओल. यांपैकीं एकेक दोषानें जमीन एकेक पायरी खालीं उतरे.

मग हें कोष्टक शेतावर लावण्याची रीत. शेताचा आराखडा कागदावर काढून तुटक रेघांनीं त्याचे भाग पाडीत, प्रत्येक भागांत खणून खोली व माती पाहत आणि त्या भागाचे आणे त्याच जागीं लिहीत. समजा, एका शेताच्या चार भागांचे आठ, सहा, साडेचार व साडेचार आणे आले, तर त्या शेताची सरासरी पावणेसहा आणे होई. पावणेसहा आणे ही प्रत कोष्टकांत नाहीं. नऊ पायऱ्यांमधून अशा रीतीनें शेंकडों मधल्या किंमती निघत, आणि कागदावरच्या तुटक रेघा बेरजेंत विरून जात. उतारावर पायऱ्या खोदून पुन्हां त्या पायऱ्यांचा उतार करण्याची ही युक्ति साधी आहे, आणि ती योजणाराला आपली रेघ खरी नाहीं याची जाणीव होती हें तीवरून दिसतें.

तथापि कोष्टकांत एक वैगुण्य आहेच, आणि तें नेमकें इंदापूरसारख्या तालुक्याला बाधणारें आहे. वरच्या पायऱ्यांमधील अंतर दोन आण्यांचें, खालच्या दोहोंमधील एकाच आण्याचें. तेव्हां खालीं अधिक बारीक विचार केला असें वरवर पाहतां वाटतें. पण प्रमाण काढून पाहावें. चौदा आण्यांची जमीन चुकून सोळांत गेली तर सारा सातव्या हिश्श्यानें वाढतो. दोन आण्यांची जमीन चुकून तिनांत गेली तर तो दीडपट होतो. पाव हाताच्या एका चुकीनें खोल काळीच्या मालकास किंचित् टोचावें आणि माळावरच्या कुळाचें कंबरडें मोडावें, असा हा भेद आहे. बागाइताच्या थडीला जी पायरी लहान, ती माळावरच्या माणसाला भिंत होते.

५

आतांपर्यंत जागेचा उतार पाहिला. काळाचाहि उतार असतो. १८३६ पासून तीस वर्षें इंदापूरचा आकार एका रेघेवर स्थिर होता. या काळांत भोंवतालची परिस्थिति वर्षावर्षानें बदलत गेली. लोकवस्ति वाढली, हलक्या जमिनीहि नांगराखालीं आल्या, १८५८ सालीं पुण्याहून इंदापूर तालुक्यांतील डिकसळपर्यंत आगगाडी आली. नंतर अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१–६५) कापसाचे भाव कडाडले आणि त्याबरोबर सारेंच महागलें. या तेजीच्या शिखरावर तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ च्या फेरपाहणींत आकार मोठ्या प्रमाणांत वाढविण्यांत आला. तीस वर्षांत जो चढ थोडथोडा चढावयाचा तो एका वर्षांत चढावा लागला. आणि चढून होतो न होतो तोंच भाव उतरूं लागले.

ही वाढ फार आहे, अशी तक्रार पुणें सार्वजनिक सभेनें मोठ्या अभ्यासानें मांडली. सरकारलाहि चूक उमगली असावी. कारण १८७४ सालीं वाढीला मर्यादा घालण्यांत आली: सबंध तालुक्याची वाढ शेंकडा ३३ हून, एका गांवाची ६६ हून व एका खातेदाराची १०० हून अधिक असूं नये. या तीन आंकड्यांत शहाणपण आहे. एका टप्प्यांत माणसाला किती उंच पायरी चढतां येते, याचा विचार त्यांत प्रथमच केलेला दिसतो. पण तो उशिरां आला.

१२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत आसपासच्या खेड्यांतील कुणबी जमले आणि त्यांनीं सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. हें सुपें आज बारामती तालुक्यांत आहे. तेथून ही लाट पुणें व नगर जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरली. लोकांचा रोख मुख्यतः खतें आणि रोखे यांवर होता. ते हस्तगत करून जाळणें हाच हेतु होता. या दंग्याचें एकच कारण सांगणें धाडसाचें होईल. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें दर तीन वर्षांनीं रोखे नवे करून घेण्याची पाळी आली व व्याज मुद्दलांत मिसळत गेलें. कापसाची तेजी ओसरल्यावर सावकारांनीं हात आंखडला. दिवाणी कोर्टें कागदाकडे पाहत, माणसाकडे पाहत नसत. साऱ्याच्या वाढीला यांत किती वाटा द्यावा यावर चौकशी कमिशनांतहि मतभेद झाला आणि इतिहासकारांत तो अद्याप आहे. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, साऱ्याची मुदत, रोख्याची मुदत आणि कोर्टाचा निकाल या तिन्ही गोष्टी एकदम येणाऱ्या होत्या, आणि कुणब्याचें उत्पन्न व त्याची पत या हळूहळू वरखालीं होणाऱ्या. १८७९ सालीं शेतकऱ्यांना साह्य करणारा कायदा झाला, त्यानें न्यायाधिशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. कागदावरच्या रेघेच्या पलीकडे पाहण्याचा तोहि एक मार्ग होता.

६

पुढें या प्रदेशावर आणखी एक रेघ उमटली, आणि ती कागदावर न राहतां प्रत्यक्ष भूमीवर कोरली गेली. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या दिवसांत नीरेच्या डाव्या कालव्याचें काम सुरू झालें व १८८५ सालीं पाणी खेळूं लागलें. त्याला पाणी पुरविण्यासाठीं भोरच्या बाजूस भाटघर येथें धरण बांधण्यांत आलें. १९२८ च्या सुमारास त्याच्याजवळच अधिक मोठें धरण झालें. म्हणजे सह्याद्रीच्या कुशींतला पाऊस शंभर मैलांच्या पाटानें त्या खोलगट छायेच्या तळाशीं आणून सोडला. उताराच्या एका टोंकाची समृद्धि दुसऱ्या टोंकास नेण्याची ही कल्पना भव्य होती, आणि ती सफळ झाली. बारामतीच्या ऊंस-गुळाचें वैभव या पाण्याचें आहे.

परंतु पाणी उतारानेंच वाहतें. कालवा समपातळी धरून वळणें घेत जातो. त्याच्या खालचें, नदीकडचें रान भिजतें आणि वरचें कोरडें राहतें. जेथें पूर्वीं माळापासून मळईपर्यंत हजार छटा होत्या तेथें दोनच शब्द उरले: बागाईत आणि जिराईत. बारामती तालुक्यांत आजहि माणसें आपली ओळख या दोन शब्दांनीं देतात. कालव्याच्या एका कांठाला ऊंस उभा आणि दुसऱ्या कांठापलीकडे उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहणारीं गांवें, हें दृश्य पाहिलें म्हणजे मनुष्याचा हात फिरल्यावर सीमा किती धारदार होऊं शकते तें कळतें.

तरीहि निसर्गानें ही रेघ मुकाट्यानें मानली नाहीं. उंसाला दिलेलें वाजवीपेक्षां जास्त पाणी खालीं मुरलें, भूमिगत पाण्याची पातळी वर्षावर्षानें वर आली आणि जमिनींतील क्षार पृष्ठावर येऊं लागले. प्रथम शेताच्या खोलगट कोपऱ्यांत एक पांढरट डाग; मग तेथें पीक पिंवळें; मग चोपण, आणि शेवटीं पाणथळ. नीरेच्या खोऱ्यांतील या खारवट जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरोल्ड मॅन व तम्हाणे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केला. ज्या खोल काळीस गोल्डस्मिड-विंगेटच्या कोष्टकानें सोळा आणे दिले होते तीच पाणी धरून ठेवणारी म्हणून आधीं बिघडली, आणि उथळ, निचऱ्याची मध्यम जमीन उंसाला अधिक मानवली. पाण्याची एक नवी गोष्ट येतांच नऊ प्रतींची सारी उतरंड वरखालीं झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं विश्वेश्वरय्यांनीं या कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली, तिच्यांत हा धडा घेतलेला दिसतो. थोड्याच गांवांना बारमाही पाणी भरमसाट न देतां तें अनेक गांवांत निवडक जागीं विभागावयाचें आणि त्या जागेंतहि उंसाला कांहीं भागच द्यावयाचा, ही त्या पद्धतीची दिशा होती.

७

रेघेचा प्रश्न जुन्या दप्तराबरोबर बंद झाला असें कोणीं समजूं नये. मुंबई इलाख्यांत पीक चार आण्यांहून कमी आलें तर त्या सालचा सारा तहकूब, चार ते सहा आणे आलें तर निम्मा तहकूब, आणि त्याहून अधिक आलें तर सर्व वसूल, असा नियम होता. १९१८ सालीं गुजराथेंत खेडा जिल्ह्यांत गांधीजींनीं जो सत्याग्रह केला त्याचें मूळ या चार आण्यांच्या रेघेंत होतें. पीक चार आण्यांच्या आंत आहे असें कुळांचें म्हणणें, वर आहे असें अधिकाऱ्यांचें. पुढें आण्यांचे पैसे झाले. पन्नास पैशांच्या आंत पैसेवारी आली तर गांव टंचाईग्रस्त, वर गेली तर नाहीं, हा दंडक महाराष्ट्रांत अनेक दशकें चालला. शेजारच्या दोन गांवांच्या शिवेवर एकच ढग थोडा कमी-अधिक बरसतो. पण एकीकडे एकूणपन्नास पैसे लिहिले जातात व दुसरीकडे एक्कावन्न. त्या दोन पैशांच्या अंतरावर एका गांवाला वसुलांत सूट व मुलांच्या परीक्षेची फी माफ, आणि दुसऱ्याला कांहींच नाहीं.

तर मग रेघा ओढूंच नयेत काय? हा उपाय नव्हे. रेघ नसली म्हणजे मक्तेदाराची मर्जी येते, आणि ती काय करते हें बाजीरावी अमदानींत दिसलें आहे. नियम गरिबाचें रक्षण करतो, कारण नियमाकडे बोट दाखवितां येतें. प्रश्न एवढाच कीं, रेघ ओढणाराला ती आपण ओढली आहे, जमिनींतून उगवलेली नाहीं, याचें भान राहतें कीं नाहीं. १८३६ च्या पद्धतीच्या नियमांत तें भान होतें, म्हणून त्यांनीं तीन वर्ग एकमेकांत मिसळले व सरासरीनें पायऱ्या बोथट केल्या. १८६७ च्या फेरपाहणींत तें सुटलें. आणि सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाची पायरी सर्वांत लहान असली पाहिजे, ही गोष्ट दोन्ही वेळां पुरती ध्यानांत आली नाहीं. आज जे कोणी सवलतींच्या व साह्याच्या मर्यादा आंखतात त्यांनीं इंदापूरचें तें जुनें कोष्टक एकदां पुढें घेऊन खालच्या दोन ओळींचें प्रमाण काढून पाहावें.

भीमेवरील उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झालें, त्याचें पाणी इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगास दूरवर पसरलें आहे. भिगवणला त्या उथळ पाण्यांत हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात. उन्हाळ्यांत पाणी मागें हटूं लागलें कीं पळसदेवचें बुडालेलें जुनें देऊळ हळूहळू वर येतें. या जलाशयाची कड नकाशावर एका निळ्या रेघेनें दाखविलेली असते, पण प्रत्यक्षांत ती रोज थोडी सरकते. उघड्या पडलेल्या गाळांत शेतकरी पाण्याच्या मागोमाग खालीं उतरत पेरणी करीत जातात. तिला तेथें गाळपेर म्हणतात. सगळ्यांत वरचें पीक हाताला आलेलें असतें तेव्हां खालचें नुकतेंच कोंब धरीत असतें. त्या उतारावर उभ्या असलेल्या मनुष्यास पाणी कोठें संपलें व जमीन कोठें सुरू झाली हें सांगतां येत नाहीं. आज पेर कोठवर करावी, हें मात्र त्याला बिनचूक कळतें.